विद्यापीठात जाणाऱ्या मुलामुलींस

पांढुर्णा-सौंसरला नागपूर विद्यापीठ (स्थापना १९२३) जवळचे. परंतु १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले व आपण मध्य प्रदेशात राहिलो. त्यामुळे तेथे आपला विद्यार्थी परप्रांतीय मंडळाचा ठरतो. त्यास स्थलांतर-प्रमाणपत्र द्यावे लागते. आम्ही ते वेळेवर काढले नाही, आणि आमचे एक वर्ष वाया गेले.

दुसरी गोष्ट. शाळेत मूल चार दिवस दिसले नाही, तर आम्ही शिक्षक घरी विचारावयास जातो. मोठ्या विद्यापीठात असे कोणी येत नाही. तेव्हा सूचना-फलक रोज स्वतः वाचावा. अडल्यास प्राध्यापकांस निःसंकोच विचारावे. पालकांनीही केवळ गुण न विचारता जेवणाची, सोबत्यांची चौकशी करावी. एकटे पडलेले मूल शिक्षण अर्ध्यावर सोडते.

अर्ज भरताना अडचण आल्यास आमच्या घरी अवश्य यावे.