बाळंतिणीच्या मूळव्याधीवर मावशीचा कानमंत्र

अगं, मूळव्याधीबद्दल बोलायला लाजू नकोस. पोटात बाळ असताना तिथल्या शिरांवर भार येतो, कळा देताना तो आणखी वाढतो. कितीतरी बाळंतिणींना हा त्रास होतो आणि बहुतेकींचा काही आठवड्यांत उतरतोही. मात्र शौचाला कुंथायचं नाही, एवढं पक्कं धर. बाकी सगळी खटपट त्यासाठीच.

आपल्याकडे बाळंतिणीला डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, तूप-मऊभात अगदी मायेनं देतात, पण पाणी मोजून आणि भाज्या ‘वातूळ’ म्हणून ताटाबाहेर. वर लोहाच्या गोळ्या, त्यांनीही खडा धरतो. त्या मनानं बंद करू नकोस, डॉक्टरांना सांग, ते बदलून देतील. लाडू खुशाल खा, पण सोबत दुधी, पडवळ, चाकवत, लाल माठ, ज्वारीची भाकरी हवीच. सासूबाई नको म्हणाल्या तर माझं नाव सांग. बाळाला पाजायला बसलीस की शेजारी पाण्याचा तांब्या हवा. काळ्या मनुका रात्री भिजत घाल आणि सकाळी पाण्यासकट खा. दुपारी जिरेपूड घातलेलं ताजं ताक घे, आंबट नको.

एवढ्यानं भागलं नाही तर इसबगोल. एक-दोन चमचे पेलाभर पाण्यात ढवळायचं आणि फुगायच्या आत पिऊन टाकायचं, वर आणखी एक पेला पाणी. कोरडं तोंडात टाकू नकोस, घशात अडकतं. गुण यायला दोन-तीन दिवस लागतात. लोहाची गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेव. सोनामुखीसारखी जोरकस चूर्णं मात्र अंगावर पाजत असताना विचारल्याशिवाय नकोत.

ठणका लागतो त्यावर शेक. स्वच्छ घासलेल्या टबात कमरेखालचा भाग बुडेल इतकं कोमट पाणी घे, कोपर घालून पाहा, सुखद वाटलं पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं बसायचं, दिवसातून दोन-तीनदा, शौचाहून आल्यावर तर नक्की. मीठ, डेटॉल काही नको. टाके पडले असतील तर आधी डॉक्टरीणबाईंना विचार. नंतर मऊ सुती फडक्यानं टिपून घे, पुसू नकोस. सूज फार असेल तेव्हा फडक्यात गुंडाळलेला बर्फ काही मिनिटं धर.

कमोडवर बसताना पायांखाली बुटका पाट घे, गुडघे वर आले की जोर लावावा लागत नाही. मोबाइल बाहेर ठेव. कळ आली की बाळ रडत असलं तरी जा, कुणीतरी घेईल त्याला. दाबून ठेवलीस की पुढच्या वेळी खडा ठरलेलाच.

‘बिना ऑपरेशन, शर्तिया इलाज’ अशा पाट्यांच्या वाटेला जाऊ नकोस. असल्या ठिकाणी जाळणारी औषधं लावतात आणि जखमा चिघळतात. शौचाला जाताना चिरल्यासारखं दुखत असेल तर ते बहुधा फिशर, त्याचं औषध वेगळं. लाल रक्त पडलं तर एकदा दाखवूनच घे. खूप पडलं, चक्कर आली, ताप आला किंवा अचानक टणक दुखरी गाठ आली, तर त्याच दिवशी जायचं. लोहाच्या गोळीनं शौच काळपट होते, पण डांबरासारखी काळी चिकट झाली तर थांबू नकोस.

आणि सुरण. आयुर्वेदात मूळव्याधीवर त्याचं मोठं नाव आहे. औषध म्हणून नाही, तरी भाजी म्हणून ताटात असू दे. मुतखड्याचा त्रास झाला असेल तर मात्र टाळ. चिरताना हाताला खोबरेल तेल लाव, नाहीतर खाज सुटते. फोडी आमसुलाच्या पाण्यात अगदी मऊ शिजव, कच्चट राहिल्या तर घसा खवखवतो. मग तुपात जिऱ्याची फोडणी, थोडं ओलं खोबरं. मिरची बेतानं.