‘दोघांनी मिळूनच या हं!’

मॉलमधलं ते कूपन मी भरलं, हे खरं. पण त्यावरून नातेवाइकांनी मला जे ऐकवलं ते यापुढे ऐकून घेणार नाही. आम्ही हावेपोटी फसलो नाही. आम्हाला गोड बोलून बोलतं केलं आणि आमच्याच आवडीचा दोर करून आम्हाला बांधलं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. बक्षीस लागलंय, दोन रात्रींचा मुक्काम फुकट, व्हाउचर घ्यायला हॉटेलवर या. मी म्हटलं, ह्यांना जमणार नाही, मी एकटी येते. तर पलीकडची मुलगी म्हणाली, “नाही मॅडम, दोघांनी मिळूनच या हं!” या वाक्याला मी तेव्हाच थांबायला हवं होतं. एकटं माणूस ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून उठू शकतं. नवरा-बायको शेजारी शेजारी बसले की ती वाट बंद होते, म्हणून तर दोघांना बोलावतात.

शेवटी दोघंही गेलो. समोर बसलेला मुलगा आमच्या मुलाच्या वयाचा. पहिला तासभर त्यानं पैशाचा विषयच काढला नाही. तुम्ही दोघं सुटीत काय करता, एवढंच विचारत राहिला. असं कौतुकानं कोण विचारतं हो हल्ली? आम्ही सांगत सुटलो. बावीस वर्षांची आमची पक्ष्यांची वही, डाव्या पानावर माझं अक्षर, उजव्या पानावर ह्यांचं. दोघांत एकच दुर्बीण. थंडीत पहाटे निघून भिगवण गाठायचं, कुंभारगावात होडीत बसून उजनीच्या फुगवट्यात शिरायचं आणि रोहित पक्ष्यांचा थवा उठेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. फेब्रुवारी-मार्चात वेळास. मंडणगड तालुक्यातलं ते नाना फडणवीसांचं मूळ गाव, तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी कुंपणाच्या आत वाळूत जपतात. सकाळ-संध्याकाळ त्यावर झाकलेली टोपली उचलली की खाली पिल्लं वळवळत असली तर असतात, नाहीतर नाही. गावातच कुणाच्या तरी घरी उतरायचं, ओटीवर गाद्या, जेवायला घरातलंच ताट.

तो सगळं लिहून घेत होता. मला वाटलं, त्याला ऐकायला आवडतंय.

मग त्यानं पेन खाली ठेवलं आणि ह्यांच्याकडे वळून म्हणाला, “सर, रागावू नका, पण इतकी वर्षं मॅडमना लोकांच्या ओटीवर झोपवलंत?” ह्यांचा चेहरा उतरला. मी काही बोलायच्या आत माझ्याकडे वळला, “मॅडम, तुम्ही कधी बोलून दाखवणार नाही, मला माहितीय.” मी कधीच तसं काही मनात आणलं नव्हतं! ती ओटी मला कुठल्याही हॉटेलाहून प्रिय होती. पण तेवढ्यात हे म्हणाले, “खरंय. हिच्यासाठी आता जरा नीट करायला पाहिजे.” ह्यांच्या तोंडून ते आल्यावर मी चार माणसांत नको कशी म्हणणार? आणि मी गप्प राहिले म्हणून ह्यांना वाटलं, हिच्या मनातलंच बोललो. त्या दिवसाचं मला सर्वांत जास्त काय लागतं विचाराल, तर हे. पैसे त्यानंतर.

त्यांच्या रिसॉर्टांचं पंचवीस वर्षांचं सभासदत्व, दरवर्षी सात रात्री, 3,40,000 रुपये. साठ हजार कार्डावर तिथंच, उरलेल्याचे हप्ते. ‘ही किंमत फक्त आज.’ कोकणातलं रिसॉर्ट वेळासपासून जवळ आहे, पाहिजे तेव्हा मिळेल, नको झालं तर आम्हीच विकून देऊ, हे सगळं तोंडी. सही केल्यावर बाकीच्या टेबलांवरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

आठव्या दिवशी मी करार शांतपणे वाचायला बसले. वर्षाचं देखभाल शुल्क 14,500 रुपये, गेलात तरी, नाही गेलात तरी, आणि ते वाढवायचा अधिकार त्यांचा. सात रात्री ‘निळ्या’ हंगामातल्या, म्हणजे दिवाळी, नाताळ, मे सगळं वगळून. आणि एक ओळ अशी, की विक्री प्रतिनिधीनं तोंडी सांगितलेलं काहीही कंपनीवर बंधनकारक नाही. पोटात गोळा आला. दहा दिवसांत रद्द करता येतं असंही लिहिलेलं होतं, म्हणून त्याच दुपारी फोन लावला. मुलगी अगदी गोड बोलली, “मॅनेजर रजेवर आहेत, सोमवारी तुम्हाला फोन येईल, काळजी करू नका.” सोमवार उजाडला तो बारावा दिवस होता. मुदत संपली म्हणे, आणि रद्द करायची विनंती ‘लेखी’ हवी होती.

त्या मुलीनं मला आठव्या दिवशी ‘मेल करा’ एवढे दोन शब्द सांगितले असते तर? तिला ठाऊक नव्हतं यावर माझा विश्वास नाही.

पैसे गेलेच आहेत तर निदान जाऊन येऊ, असं आम्ही ठरवलं. फेब्रुवारीत वेळासहून फोन आला, पिल्लं यायला लागलीत. पिल्लं कधी बाहेर येतील हे वाळूच्या उष्णतेवर असतं, पंचेचाळीस ते साठ दिवस कितीही. त्यामुळे आमचं नेहमी आठवडाभर आधीच ठरतं. पण कंपनीच्या संकेतस्थळावर एप्रिलअखेरपर्यंत एकही खोली नव्हती. विचारलं तर म्हणाले, चार महिने आधी नोंदवायला हवं. आमची प्रत्येक सहल कशी ठरते हे त्या मुलानं कागदावर उतरवून घेतलं होतं. आम्हाला या योजनेचा काडीचा उपयोग नाही हे त्याला त्या टेबलावरच कळलं होतं, आणि तरी त्यानं ती आमच्या गळ्यात मारली.

आता ज्यांना असा फोन आला असेल त्यांच्यासाठी. जाऊच नका. गेलातच तर क्रेडिट कार्ड घरी ठेवून जा. करार घरी न्यायला मागा, नाही म्हणाले की उठा. तिथल्या तिथं त्यांच्याच संगणकावर तुम्हाला खरंच हव्या असलेल्या तारखा उघडून दाखवायला सांगा. जे तोंडी सांगतात ते त्यांच्याच हस्ताक्षरात करारावर लिहून मागा. गेल्या तीन वर्षांत तुम्ही किती रात्री घराबाहेर झोपलात ते आठवा आणि एका रात्रीचा भाव काढा. आमच्या नुसत्या देखभाल शुल्कात भिगवण आणि वेळास दोन्ही व्हायचं. आणि टेबलावर बसण्याआधी आपसांत ठरवा, की दोघांपैकी एकानं ‘उद्या’ म्हटलं की विषय संपला.

सही झालीच असेल तर फोनवर विसंबू नका. मेल करा, त्याच दिवशी पोहोच मिळेल असं पत्रही टाका. रागाच्या भरात हप्ता थांबवू नका. तो बँकेच्या कर्जाचा असला तर सिबिल तुमचं बिघडतं, त्यांचं काही जात नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. करारात परगावचं न्यायालय छापलेलं असतं म्हणून आम्ही महिनाभर घाबरून बसलो होतो. 2019 च्या ग्राहक कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेला शुल्क नाही, वकील लागतोच असंही नाही. मुदत दोन वर्षांची, ती चुकवू नका. आणि कागद जपून ठेवा, सगळे.

आमची तक्रार दाखल आहे. समोरचे तारखांवर तारखा मागतात. मी पक्ष्यांच्या वहीतल्या पानांच्या छायाप्रती काढून जोडल्या आहेत, वेळासच्या प्रत्येक नोंदीवर तारीख आहे आणि आम्ही ती सहल आदल्या आठवड्यात ठरवली हेही. आमच्या सुट्या कशा असतात ते आयोगाला तरी वाचू दे. हे म्हणाले, “अगं, ओटीवरच्या गाद्यांचंही लिहिलंयस त्यात.” म्हटलं, असू दे. ते तर आधी वाचायला हवं त्यांनी.