जूनमधला बोंबील

आमचं घर शिरगावात, सातपाटीच्या शेजारी. दिवाळीपासून मे संपेपर्यंत वाळत्या बोंबलांचा वास आमच्याकडे कुणी वासात धरत नाही. त्यात मी रोज बोईसरला जाणारा, तारापूर एमआयडीसीत केमिकल प्लांटवर ऑपरेटर. घरी आलो की बायको म्हणते, नाक गेटवर जमा करून आलात का? या निबर नाकापायी आमचं स्वयंपाकघर पेटता पेटता राहिलं, म्हणून हे लिहितो आहे.

दोन वर्षांपूर्वीचा जून. पाऊस लागला होता आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात मासळीचा वास यायला लागला. आईने आगोटीचे सुके बोंबील, सुकट, जवळा डब्यांत भरून फळीवर ठेवलेलं असतं, त्यामुळे डब्याला ओल लागली असणार असं तिनेच ठरवलं. डबा उघडला तर बोंबील कडकडीत. तरी शंका नको म्हणून दोन किलो बोंबील उकिरड्यावर गेले. वास होता तिथेच. शेवटी बायको म्हणाली, "अहो, १ जूनपासून होड्या किनाऱ्याला लागल्यात, बाहेर धो धो पाऊस. या दिवसांत बोंबील वाळत घालतंय कोण?" मी म्हटलं, शेजारी कुणीतरी तळत असेल.

वास फक्त इंडक्शनची शेगडी चालू असताना येतो, हे कळायला आणखी चार दिवस गेले. मधेच शेगडी बंद पडायची, तिच्या वायरीचा टॉप, म्हणजे प्लग, सॉकेटात जरा दाबून हलवला की परत चालू व्हायची. तो टॉप मी रोज दाबत होतो. पाचव्या दिवशी बोर्डातून चर्रर्र आवाज आला, सॉकेटच्या भोकाभोवती तपकिरी डाग दिसला. मी बटण बंद केलं आणि टॉप धरून ओढला. तो वितळून आत चिकटला होता. जोर लावला तसा सॉकेटचा अर्धा चेहरा तुटून हातात आला, ठिणगी उडाली, अंगठा भाजला. बटण तर बंद होतं, मग ठिणगी कशी? ते नंतर कळलं. वायरिंग करणाऱ्याने बटण फेजवर घेण्याऐवजी न्यूट्रलवर घेतलं होतं. बटण बंद, शेगडी बंद, पण सॉकेटात करंट जिवंत. म्हणून पहिली गोष्ट सांगतो. जळक्या सॉकेटचं बटण बंद केलं म्हणजे काम झालं असं समजू नका. मेन स्विच पाडा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, कारण मेन पाडल्यावर तोच मागच्या दाराने वीज देत राहतो. मग टेस्टर लावा, पण आधी तो टेस्टर चालू पॉइंटवर पेटतो का बघून घ्या, बिघडलेला टेस्टर सगळंच सुरक्षित दाखवतो. आणि चिकटलेला टॉप ओढायचा नाही. मेन बंद ठेवून वायरमनची वाट बघायची.

आता मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न. सॉकेट १६ अँपिअरचं होतं, शेगडी २००० वॅटची, बोर्डाला २० अँपिअरचा एमसीबी. सगळं नियमातलं. मग एमसीबी का पडला नाही? उत्तर प्लांटवरच्या आमच्या इलेक्ट्रिशियनने चहाच्या टपरीवर दिलं. २३० व्होल्टला २००० वॅट म्हणजे साधारण ८.७ अँपिअर. एमसीबी फक्त करंट मोजतो, आणि करंट जास्त नव्हताच. बिघाड होता स्क्रूत. समुद्राच्या खाऱ्या हवेने पितळेवर हिरवट थर चढलेला, वर्षानुवर्षं तापून-निवून स्क्रू ढिला झालेला. अशा सांध्यात समजा अर्धा ओहम अडथळा तयार झाला, तर ८.७ चा वर्ग गुणिले अर्धा, म्हणजे जवळपास ३८ वॅट उष्णता त्या शेंगदाण्याएवढ्या जागेत. रेडिओवाल्याचं डाख द्यायचं सोल्डरिंग २५ वॅटचं असतं. म्हणजे आम्ही रोज रात्री तासभर, पेटत्या सोल्डरिंगपेक्षा जास्त उष्णता देणारं काहीतरी बोर्डात कोंबून भाकऱ्या भाजत होतो. एमसीबीला ते दिसत नाही. ईएलसीबी बसवलेला असता तरी त्यालाही दिसलं नसतं, तो फक्त करंट जमिनीत गळतो का ते बघतो. तो बसवूच नका असं नव्हे. शॉक लागून माणूस जाऊ नये म्हणून ३० मिलिअँपिअरचा हवाच. पण ढिल्या स्क्रूसाठी घरात एकच यंत्र आहे, ते म्हणजे नाक.

आणि वास मासळीचाच का? हे मात्र मला आधीच कळायला हवं होतं, कारण अमाइनचे ड्रम मी रोज बघतो. जुन्या पांढऱ्या सॉकेटांचं कडक प्लास्टिक बहुधा युरिया फॉर्मल्डिहाइडचं असतं. ते फार तापलं की अमाइन जातीचे वायू सुटतात, आणि शिळ्या मासळीचा वास म्हणजेही एक अमाइनच. विदर्भातल्या एखाद्या घरात हा वास आला असता तर माणसं दचकली असती. आम्ही किनाऱ्याची माणसं बोंबलाला दोष देऊन मोकळे.

पुढची चूक घाईची. गल्लीतला एक पोरगा आला, नवं सॉकेट बसवलं, दोनशे रुपये घेतले. मीही खूश. जुलैच्या शेवटी वास परत आला! त्याने वायर तीच ठेवली होती, टोकाला काळी पडलेली, आणि शेगडीचा टॉपही तोच, खरबरीत पिनांचा. जळकी पिन नव्या सॉकेटची पकडही बिघडवते. सॉकेट आणि टॉप ही जोडी आहे, बदलायचं तर दोन्ही. मग पालघरहून परवानाधारक वायरमन आणला, साठीतले काका. त्यांनी मेन पाडून वायर मागे मागे सोलत नेली. तांबं लखलखीत आणि वरचं आवरण मऊ लागेपर्यंत कापायचं, असं ते म्हणाले. वायर आखूड पडली, तेव्हा मी भिंतीत जोड मारून टेप लावायला सुचवलं. काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती विसरणार नाही. बोर्डापर्यंत नवी अडीच एमएमची तांब्याची वायर ओढली, सॉकेट आयएसआय छापाचं घेतलं, बटण फेजवर आणलं आणि बोर्डातले बाकीचे स्क्रूही आवळले. त्यातले दोन ढिले निघाले. वायरीच्या पाच-सहा तारा स्क्रूखाली न जाता बाहेर राहिल्या की तेवढा भार उरलेल्या तारांवर पडतो, हेही त्यांनी दाखवलं.

काम झाल्यावर त्यांनी शेगडी अर्धा तास चालवली, बंद केली, आणि टॉपवर तळहात नव्हे, हाताची मागची बाजू टेकवली. कोमट चालेल, चटका नको. ही तपासणी मी आता गीझर, इस्त्री, फ्रीज सगळ्यांना करतो. बायको याला माझी आरती म्हणते.

समजा धूर किंवा ज्वाळाच दिसली तर? पाणी ओतायचं नाही, हे लहान मुलांनाही सांगून ठेवा. मेनपर्यंत कोरड्या पायाने पोचता येत असेल तर तो पाडा, मग कोरडी वाळू किंवा पावडरचा अग्निशामक. मेनच्या वाटेवरच आग असेल तर माणसं घेऊन बाहेर पडा आणि १०१ ला फोन करा. वीज तोडून घ्यायला महावितरणची तक्रार १९१२ वर लागते. कुणी विजेला चिकटला असेल तर त्याला हात लावू नका, आधी मेन. मीटरच्या सीलला घरचा वायरमनही हात लावत नाही, ते काम महावितरणचं. आणि जुन्या घरात कटआउट असेल तर फ्यूजला जाड तार गुंडाळणारे दादा शोधू नका; सारखा जळणारा फ्यूज सांगतो आहे ते ऐका.

तारापूरला १९६९ साली देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं, आमच्या आजोबांनी त्याचं बांधकाम पाहिलेलं. तिथे म्हणे दर यंत्रामागे कुणीतरी लक्ष ठेवून असतं. आमच्या स्वयंपाकघरात पंधरा वर्षांत बोर्ड उघडून एक स्क्रू आवळायला कुणी आलं नव्हतं. आता दर मे महिन्यात, पावसाच्या आधी, काका येतात आणि तासाभरात सगळे बोर्ड बघून जातात.

जळका टॉप मी फेकला नाही. पाहुणे आले की दाखवतो. आई मात्र तो दिसला की तोंड फिरवते. दोन किलो चांगले बोंबील त्याच्यापायी गेले, हा हिशेब तिने अजून मिटवलेला नाही.