घराची डागडुजी : झाडलोट सोपी, देखभाल कमी

दिंद्रुड (ता. माजलगाव, जि. बीड) आणि आसपासच्या गावांत जुनी माळवदाची घरे अजून बऱ्याच ठिकाणी वापरात आहेत. उन्हाळ्यात ही घरे थंड राहतात. परंतु सारवण, पोतेरा, माळवदावर माती टाकणे, जळमटे काढणे आणि धान्यातील उंदीर-घुशींचा बंदोबस्त यांत घरातील स्त्रियांचे बरेच श्रम खर्ची पडतात. घर पाडून नवे बांधणे प्रत्येकाला परवडत नाही. मात्र जुन्या घरात योग्य क्रमाने सुधारणा केल्यास हे श्रम पुष्कळ कमी करता येतात. कामाची सुरुवात नेहमी वरून करावी. छत गळत असताना खाली फरशी बसविणे म्हणजे तण न काढता खत देण्यासारखे आहे.

माळवद : ओझे कमी करा

दरवर्षी मृगापूर्वी माळवदावर नवी माती टाकण्याची आपल्याकडे पद्धत आहे. जुनी माती मात्र सहसा काढली जात नाही, त्यामुळे थर वाढत जातो. या ओझ्याचा हिशोब प्रत्येक शेतकऱ्याने करून पाहावा. 10 फूट × 12 फूट खोलीचे छत 120 चौरस फूट भरते. त्यावर 1 फूट जाडीचा थर असल्यास माती 120 घनफूट होते. कोरड्या, दाबलेल्या मातीचे वजन घनफुटाला सुमारे 45 किलो धरले तरी हे ओझे 5,400 किलो, म्हणजे जवळजवळ साडेपाच टन होते. पावसात माती भिजली की ते आणखी वाढते.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे दगावली. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि छतावरील मातीचे ओझे ही तेथील जीवितहानीची मोठी कारणे होती. तेव्हा माळवदाची सुधारणा हा केवळ सोयीचा प्रश्न नाही.

1) तुळया व खांब प्रथम टोचून पाहावेत. वाळवी लागलेले किंवा पोकळ झालेले लाकूड आधी बदलावे. खालून टेकू दिल्याशिवाय वर काम करू नये.
2) माती दोन्ही बाजूंनी सारखी उतरवावी. एकाच बाजूची काढल्यास तुळयांवर असमान भार येतो.
3) जाड प्लॅस्टिकचा अखंड कागद अंथरून त्यावर भुसा घालून कुजविलेल्या पांढऱ्या मातीचा 4 ते 6 इंचांचा थर द्यावा. काळी माती वापरू नये. ती ओलीने फुगते, वाळली की भेगाळते आणि त्या भेगांतूनच गळती सुरू होते.
4) पन्हाळ्याकडे दर 10 फुटांस 3 इंच उतार द्यावा. पन्हाळे भिंतीपासून दीड-दोन फूट बाहेर काढावे.
5) पुढील वर्षांत जेवढी नवी माती टाकावयाची, तेवढी जुनी आधी खरडून काढावी. हा नियम कधीही मोडू नये.

भिंती व घराभोवतीचे पाणी

मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा करण्याकडे कल वाढला आहे. हा गिलावा मातीला नीट धरत नाही. आतील ओल कोंडून राहते व दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सुटतात. मातीच्या भिंतीस भुसा घातलेल्या मातीचाच गिलावा करून वर चुन्याचे दोन हात द्यावेत. चुना भिजवून, गाळून त्यात थोडा डिंक मिसळल्यास तो हाताला कमी लागतो. पांढऱ्या भिंतीवर जाळी व वाळवीची वाट लगेच दिसते, हा आणखी एक फायदा.

जमिनीलगतचे कोनाडे बुजवून टाकावेत. वापरातील देवळ्या व फडताळांना दारे बसवावीत. छतातील सवण्यास बारीक जाळी लावावी.

काळ्या जमिनीत पाया ओला-कोरडा होत राहिला की भिंतींना तडे जातात. म्हणून घराभोवती 3 फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला मुरूम-दगडाचा पट्टा करावा. मोरीचे पाणी भिंतीजवळ मुरू देऊ नये. खोल काळ्या मातीत शोषखड्डा लवकर तुंबतो. मुरूम लागेपर्यंत खड्डा खोल घेणे शक्य नसल्यास पाणी पाटाने परसातील केळी, अळू यांना द्यावे.

जमीन

शेणाने सारवलेली जमीन वरचेवर सारवावी लागते. शहाबादी फरशी किंवा सिमेंटचा कोबा केल्यास हे काम केर काढणे व फडके फिरविणे एवढ्यावर येते. खालची भर पाणी मारून चांगली चोपावी, नाहीतर फरशी खचते. खोलीस दाराकडे दर 10 फुटांस 1 इंच, तर मोरीस दर 5 फुटांस 1 इंच उतार ठेवावा. भिंतीच्या कडेने 4 ते 6 इंच उंचीची फरशीची पट्टी लावावी, म्हणजे पुसताना भिंत ओली होत नाही. न्हाणीत गुळगुळीत फरशी टाळावी, पाय घसरतो.

स्वयंपाकघर

धुराने भिंती व भांडी काळी होतात, डोळे व छाती बिघडते. गॅस असला तरी पाणी तापविण्यासाठी व भाकरीसाठी चूल पेटतेच. तिला धुराडे बसवावे किंवा ती परसात आडोशाला न्यावी. ओट्याची उंची काम करणाऱ्या स्त्रीच्या कोपरापेक्षा 3-4 इंच कमी असावी. मापे तिच्याच अंगावर घ्यावीत, गवंड्याच्या अंदाजाने नव्हे.

धान्य व कापूस

धान्य कडक वाळवून पत्र्याच्या कोठीत भरावे. कोठी व पोती फळ्यांवर, जमिनीपासून 6 इंच उंच आणि भिंतीपासून 1 फूट दूर ठेवावीत, म्हणजे मागून झाडता येते व ओल लागत नाही. दाराखालची फट पत्र्याची पट्टी ठोकून बंद करावी. भावाची वाट पाहत कापूस राहत्या घरात साठविल्यास अंगाला खाज सुटते व आगीचा धोका राहतो. तो चुलीपासून व विजेच्या उघड्या तारांपासून दूर, स्वतंत्र खोलीत ठेवावा.

कामाचे वेळापत्रक

माळवदाचे काम चैत्र-वैशाखात उरकावे. ऊसतोडीला गेलेली कुटुंबेही साधारण तेव्हा परततात. कोबा किमान 7 दिवस भिजता ठेवावा लागतो. उन्हाळ्यात एवढे पाणी मिळणे कठीण, म्हणून जमिनीचे काम श्रावणात, महालक्ष्म्यांच्या सणापूर्वी करावे. तोडीला जाणाऱ्यांनी दसऱ्यानंतर घर बंद करण्यापूर्वी कोठ्या झाकाव्यात, पन्हाळे साफ करावेत व भिंतींच्या तळाशी वाळवी पाहून घ्यावी.

सर्व कामे एकाच वर्षी होणार नाहीत. पहिल्या वर्षी माळवद व पाण्याचा निचरा, दुसऱ्या वर्षी स्वयंपाकघर व जमीन, तिसऱ्या वर्षी भिंती व साठवण, असा क्रम धरावा. कोणते काम आधी घ्यावे याचा निर्णय घेताना, घर झाडण्याचे व सारवण्याचे काम रोज जिच्या वाट्याला येते तिचे मत प्रथम विचारावे.