चाकांवरचे घर

मंडळी, "घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून" ही म्हण तुम्ही लहानपणापासून ऐकली आहे. ज्याने घर बांधले, त्याला तिचा अर्थ सांगावा लागत नाही. पाया खणला की पैसा पाण्यासारखा जातो. भिंती उभ्या राहतात, तोवर गाठीचे संपते. मग हात पसरावा लागतो. घर पुरे होते, पण कर्ज पुरे होत नाही.

आज मी तुम्हांला एका बाईच्या घराची हकीकत सांगणार आहे. हे घर आपल्या देशातले नाही, अमेरिकेतले आहे. ते लाकडाचे आहे. ते चाकांवर उभे आहे. आणि ते त्या बाईने स्वतः राबून बांधले आहे.

बाईंची गोष्ट

बाईंचे नाव डी विल्यम्स. त्या अमेरिकेत पोर्टलँड शहरात राहत होत्या. तीन झोपायच्या खोल्यांचे घर होते. नोकरी बरी होती. पण पगार येई तो घराच्या कर्जात आणि डागडुजीत जाई. सुट्टीचा दिवसही घराची दुरुस्ती करण्यातच जाई.

वयाच्या 41 व्या वर्षी एक दिवस त्या दुकानात सामान घ्यायला गेल्या आणि चक्कर येऊन पडल्या. शुद्धीवर आल्या तेव्हा त्या दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी सांगितले, "तुमचं काळीज कमजोर झालं आहे."

अशा वेळी माणूस काय विचार करतो? आपले दिवस किती उरले, आणि ते कशात घालवायचे, हाच ना? बाईंनीही तोच विचार केला.

पुढे डॉक्टरांकडे ताटकळत बसल्या असता त्यांनी एक मासिक उचलले. त्यात जे शेफर नावाच्या माणसाची माहिती होती. त्याने आयोवा राज्यात 1999 साली साधारण 100 चौरस फुटांचे घर बांधले होते. तिथला कायदा म्हणे, इतके लहान घर बांधता येणार नाही. मग त्याने ते चाकांच्या गाड्यावर बांधले. चाके आली की ते कायद्याच्या लेखी घर राहिले नाही, वाहन झाले.

बाईंनी वाचले आणि ठरवले. 2004 साली त्यांनी घर बांधायला घेतले. सुमारे तीन महिन्यांत ते उभे राहिले. खर्च आला सुमारे 10,000 डॉलर. त्या वेळच्या भावाने हे साडेचार लाख रुपये होतात. बरेचसे सामान जुने, दुसऱ्यांनी टाकून दिलेले होते. मित्रांचीही मदत झाली. मोठे घर त्यांनी विकले. कर्ज फिटले. मग चाकांवरचे घर गाडीला जोडून ऑलिंपिया गावी नेले आणि मित्रांच्या परसात उभे केले.

हे घर किती मोठे? 84 चौरस फूट. म्हणजे 12 फूट लांब आणि 7 फूट रुंद जागा. आपल्या गोठ्यात दोन बैल बांधले की एवढी जागा भरते.

आता तुम्ही विचाराल, "गुरुजी, गाड्यावर घर टिकतं कसं? रस्त्यात मोडत नाही का?" हाच आजचा धडा आहे.

पहिले काम : गाडा निवडणे

या घराला जमिनीत पाया नसतो. गाडा हाच पाया. आपल्याकडे ट्रॅक्टरला ट्रॉली जोडतात, तसा लोखंडी सांगाड्याचा सपाट गाडा घेतात. त्याला ट्रेलर म्हणतात. त्याला बहुधा दोन आस असतात, म्हणजे चार चाके. ब्रेकही असतात.

ट्रेलरवर एक पट्टी ठोकलेली असते. तीवर लिहिलेले असते की हा ट्रेलर किती वजन सोसेल. समजा, पट्टीवर 3,100 किलो लिहिले आहे. आता नीट ध्यानात घ्या. हे 3,100 किलो नुसत्या घराचे नव्हेत. त्यात ट्रेलरचे स्वतःचे वजनही आले. ट्रेलर 700 किलोंचा असेल तर उरले 2,400 किलो. लाकूड, पत्रा, खिडक्या, चूल, भांडी, अंथरूण, पाणी, सगळे त्यात बसले पाहिजे.

म्हणून बांधणारा माणूस आधी वही घेतो. फळीन् फळीचे वजन लिहितो. बेरीज करतो. बेरीज चुकली तर टायर फुटतो किंवा आस मोडतो. हे भर रस्त्यात झाले तर स्वतःचा जीव जातो आणि दुसऱ्याचाही.

मापालाही मर्यादा आहे. अमेरिकेत वेगळा परवाना न काढता रस्त्याने न्यायचे तर रुंदी साधारण साडेआठ फुटांच्या आत ठेवतात. उंची जमिनीपासून बहुतेक राज्यांत साडेतेरा फुटांच्या आत लागते. नाहीतर घर पुलाखाली अडकेल.

दुसरे काम : भार तोलणे

ही गोष्ट तुम्हांला माझ्यापेक्षा जास्त कळते. बैलगाडीत पोती मागे जास्त भरली तर काय होते? गाडी उलाळ होते. दांडी वर उठते.

मी दहा वर्षांचा असताना एकदा घाईघाईने मागच्या बाजूलाच पोती रचली. चढाला गाडी लागली आणि जू वर गेले. बैलाच्या गळ्याला जुंपणीचा फास बसला. वडिलांनी विळ्याने दोर कापला म्हणून बैल वाचला. त्या दिवशी वडील मला रागावले नाहीत. त्यांनी मला फक्त पोती परत रचायला लावली. आधी पुढची, मग मधली, शेवटी मागची. तो धडा मी विसरलो नाही.

ट्रेलरचेही तसेच आहे. भार मागे जास्त झाला तर वेगात मागचा भाग शेपटीसारखा डावी-उजवीकडे हेलकावे खातो. मग पुढची मोटार चालकाच्या ताब्यात राहत नाही. भार फार पुढे गेला तर मोटारीचा मागचा भाग दबतो आणि पुढच्या चाकांची पकड सुटते.

म्हणून नियम असा. ट्रेलर आणि घर मिळून जे वजन होईल, त्याचा 100 तला 10 ते 15 भाग जोडाच्या आकड्यावर आला पाहिजे. एकूण वजन 3,000 किलो असेल, तर आकड्यावर 300 ते 450 किलो. चूल, मोरी, पाण्याची टाकी अशा जड वस्तू कुठे मांडायच्या, हे त्यामुळे बांधण्याआधीच कागदावर ठरवावे लागते.

तिसरे काम : तळ आणि भिंती

आधी चाकांना दगड लावतात. चारी कोपऱ्यांखाली जॅक देऊन ट्रेलर पाणसळीत घेतात. तळ तिरका असला तर दारे-खिडक्या कधीच नीट बसत नाहीत.

मग तळाला पत्रा देतात. त्यामुळे रस्त्याचे पाणी आणि उंदीर आत येत नाहीत. पत्र्यावर लाकडी चौकट, चौकटीत थंडी अडवणारा थर, आणि वर प्लायवुड. चौकट जाड बोल्टांनी ट्रेलरच्या लोखंडाला आवळतात. घर नुसते वर ठेवलेले नको. घर आणि गाडा एकजीव झाले पाहिजेत.

भिंतीसाठी दर 16 इंचांवर उभी लाकडे लावतात. नुसती उभी-आडवी लाकडे जोडली तर ती डुगडुगतात. जुन्या खाटेचे पहा. पाय मजबूत असले तरी ती हलते. तिला तिरपी पट्टी मारली की गप्प बसते. तेच काम इथे प्लायवुड करते. त्याचे पूर्ण तक्ते भिंतीवर बाहेरून चिकटवतात आणि स्क्रूने आवळतात. नुसते खिळे ठोकले तर हादऱ्यांनी ते हळूहळू सैल होतात.

चौथे काम : छप्पर

घर रस्त्याने ताशी 80 किलोमीटर वेगाने चालले, तर वारा नसला तरी घराला ताशी 80 किलोमीटरांचा वारा लागतो. वादळात आपल्याकडे पत्रे उडतात ते तुम्ही पाहिले आहे. पत्रा दाबून नव्हे, खालून उचलून उडतो. म्हणून छपराचे वासे लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला बांधतात. भिंत तळाला आणि तळ ट्रेलरला. वरून खालपर्यंत ही साखळी कुठे तुटता कामा नये. छपराला बहुधा पत्रा घालतात. तो हलका असतो आणि खाली नीट आवळला की हलत नाही.

पाचवे काम : आतली सोय

आत माळा करून वर झोपतात. खाली चूल आणि बसायची जागा. पुष्कळ जण सूर्याच्या उन्हावर वीज करतात. संडासात पाणी न वापरता भुसा टाकतात, आणि पुढे त्याचे वेगळे खत कुजवतात.

पण एक धोका सांगतो. जागा लहान, म्हणजे हवाही थोडी. गॅस जळला की हवा बिघडते. त्यातून असा विषारी वायू होऊ शकतो की ज्याला वास नसतो. झोपेतच माणूस दगावतो. म्हणून समोरासमोर खिडक्या ठेवाव्या लागतात आणि धोक्याची घंटी लावावी लागते. थंडीत दारे-खिडक्या बंद करून शेगडी घेऊन झोपणाऱ्यांनी हे आपल्याकडेही ध्यानात ठेवावे.

माळ्यावर झोपणाऱ्याला आग लागली तर बाहेर पडता येईल अशी खिडकीही वर हवी.

घर बांधले, पण उभे कुठे करायचे?

इथेच पुष्कळांची अडचण होते. अमेरिकेत दर गावाचे नियम वेगळे. चाकांवरच्या घरात कायम राहायला पुष्कळ गावे परवानगी देत नाहीत. 2018 सालच्या घरबांधणीच्या नमुना नियमांत 400 चौरस फुटांपर्यंतच्या लहान घरांसाठी वेगळे प्रकरण घातले गेले. पण ते मुख्यतः पाया असलेल्या घरांसाठी आहे. म्हणून शहाणा माणूस आधी जागा आणि कायदा विचारतो, मग करवत हातात घेतो.

आपण यातून काय घ्यायचे?

असे घर तुम्ही बांधा, असे मी म्हणत नाही. आपल्या घरात म्हातारी माणसे आहेत, लेकरे आहेत, धान्य आहे, गुरे आहेत. 84 चौरस फुटांत आपला संसार मावणार नाही. डी विल्यम्स बाई एकट्या होत्या, आणि त्यांना मित्रांचे परस मिळाले. हेही विसरू नये.

पण तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, घर बांधण्याआधी वहीत हिशेब लिहावा. दुसरी, गरजेपुरते बांधावे, शेजाऱ्याच्या माडीकडे पाहून बांधू नये. मी स्वतः शेजाऱ्याकडे पाहून दोन खोल्या जास्त काढल्या. त्यांत आज कोळ्यांची जाळी आहेत. त्यांचे कर्ज मात्र मी अकरा वर्षे फेडले. तिसरी गोष्ट, छप्पर पक्के बांधावे. त्याला चाके लागत नाहीत. वादळ पायावरच्या घरालाही येते.

आणि शेवटची गोष्ट वेगळीच आहे. त्या बाई दवाखान्यात बसल्या होत्या. जीव घाबरा होता. हातात एक मासिक आले, आणि त्यांना वाचता येत होते. नुसती चित्रे पाहून ट्रेलरची पट्टी, लाकडाचे माप, वजनाची बेरीज कळली नसती. बाईंनी पुढे स्वतःच्या घराचे पुस्तकही लिहिले. ते 2014 साली निघाले. तुम्हीही आता वाचता. उद्या गवंड्याचा अंदाज, दुकानाची पावती, कर्जाचा कागद तुमच्यासमोर येईल. अंगठा उठवण्याचे दिवस गेले. आधी वाचा, बेरीज करा, मग सही करा.

हिशेब करा

एका ट्रेलरवर 2,400 किलो वजन ठेवता येते. लाकूड 1,500 किलो, पत्रा व खिडक्या 350 किलो, सामान व पाणी 400 किलो. आणखी किती किलो ठेवता येईल?

उत्तरे लिहा

1. शेफरने घराला चाके का लावली?
2. भार मागे जास्त झाला तर काय होते?
3. भिंतीला तिरपा आधार कशासाठी लागतो?
4. तुमच्या घराचे छप्पर कशाने बांधले आहे? आज घरी जाऊन पहा आणि चार ओळी लिहा.