मोटारीचा गिअर : हाताचा की आपोआपचा?

उसाचे बिल जमा झाले की गावोगावी मोटार घेण्याची बोलणी सुरू होतात. शोरूममध्ये विचारतात, 'मॅन्युअल की ऑटोमॅटिक?' पोराला ऑटोमॅटिक हवी असते. वडील म्हणतात, 'बिनगिअरची गाडी म्हणजे लुनाच की!' लुनाचे नाव निघाले ते बरेच झाले. पुण्याच्या कायनेटिकने १९७२ मध्ये आणलेल्या त्या गाडीला बदलायचा गिअर नव्हता, क्लच आपोआप लागे. पण चढावर दमली की पायडल मारावे लागे. असे का, हे कळले की मोटारीचेही कळेल.

सभासद बंधूंनो, गिअरचे काम आपल्या मिलपाशीच पाहा. मिल फिरवणारे यंत्र मिनिटाला शेकडो, हजारो फेरे घेते. रोलर मात्र चार-पाचच. मधल्या गिअरबॉक्समध्ये वेग उतरतो आणि जोर चढतो, म्हणून ऊस पिळला जातो. मोटारीत पहिल्या गिअरला इंजिनाचे सुमारे १४ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो. शेवटच्या गिअरला तेच काम तीन-साडेतीन फेऱ्यांत. भरलेली ट्रॉली फडातून काढताना आपण लो गिअर टाकतो तो याचसाठी. लुनाला एकच गिअर, त्यामुळे वेग सोडून जोर घ्यायची सोय नव्हती. ऑटोमॅटिक मोटारीला मात्र गिअर असतात. फक्त ते बदलणारा हात आपला नसतो.

हा हात दोन-तीन तऱ्हांचा आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्डस्मोबाइल गाड्यांत आपोआप बदलणारे गिअर दिले, त्यात क्लचच्या जागी तेल होते. एक पंखा सुरू करून दुसरा बंद पंखा समोर ठेवला तर तोही फिरू लागतो. इथे हवेऐवजी तेल. पुढे मोटारींत टॉर्क कन्व्हर्टर आला. गाडी अलगद निघते, पण तेलात थोडी ताकद वाया जाते. सीव्हीटीत पट्टा आणि लहानमोठ्या होणाऱ्या पुल्या असतात. आपल्याकडे स्वस्तात आली ती एएमटी. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओत ती दिली. गिअरबॉक्स आणि क्लचप्लेट नेहमीचीच. पण क्लच दाबायचे व गिअर टाकायचे काम यंत्र करते.

त्यामुळे 'ऑटोमॅटिक तेल पिते' हे सरसकट खरे नाही. त्या सेलेरिओचे मॅन्युअल आणि एएमटी दोन्हींचे जाहीर मायलेज लिटरला २३.१ किलोमीटर असे एकच होते. फरक पडतो तो चालीत. सोलापूर-पुणे रस्त्यावर ट्रक ओलांडायला पाय दाबला की एएमटी क्षणभर दम खाते, मग खालचा गिअर टाकून उचलते. सराईत हात हा गिअर आधीच टाकून ठेवतो. ओलांडताना हा क्षण हिशेबात धरावा, नाहीतर समोरची गाडी अंगावर येते. उलट वारीच्या दिवसांत पंढरपूर रस्त्याला, किंवा पुण्यात शिरताना, मॅन्युअलवाल्याचा डावा पाय भरून येतो.

पावसात वस्तीच्या काळ्या रानातल्या वाटेवर आम्ही मॅन्युअललाच कौल देऊ. क्लच हळू सोडत मागे-पुढे झोके देऊन गाडी निघते. चढावर एएमटी नुसत्या ॲक्सिलेटरवर धरून ठेवू नये, ब्रेक धरावा. क्लचप्लेट जळाल्याचा वास आला म्हणजे खर्च आलाच. बहुतेक एएमटीला 'पी' नसतो. उभी करताना गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा.

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना एक खास सांगणे. डाव्या पायाला क्लचची सवय असते. ऑटोमॅटिकमध्ये तो जोरात ब्रेकवर पडतो, गाडी जागीच थांबते आणि मागचा येऊन धडकतो. पहिले काही दिवस डावा पाय आखडून बाजूलाच ठेवावा.

किमतीत एएमटी साधारण ५० हजारांनी जास्त पडते, इतर प्रकार त्याहून महाग. महिन्यातून दोनदा सोलापूरला जाणाऱ्याने ही रक्कम ठिबकला लावावी, असे आमचे मत. रोज शहरात चालवणाऱ्याला, किंवा गुडघे धरलेल्या माणसाला, ती वसूल होते.

बॅटरी उतरली तर मॅन्युअल चार माणसांत ढकलून सुरू होते; ऑटोमॅटिक होत नाही, म्हणून जंपर केबल जवळ ठेवावी. बंद पडलेली टॉर्क कन्व्हर्टरची गाडी दोरीने ट्रॅक्टरमागे ओढत आणू नका. इंजिन बंद असले की गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही, आत दाते कोरडे घासतात. इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते ती उचलून, नाहीतर सबंध गाडी टेम्पोत चढवून आणावी.