जावयाच्या गॅरेजमधली डाय

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत टूलरूमला बत्तीस वर्षं काढली. मुलगी-जावई ॲरिझोनात असतात. गेल्या वर्षी तिकडे गेलो, तर जावईबापूंच्या गॅरेजमध्ये टेबलाला बोल्ट केलेला छोटा हातप्रेस आणि शेजारी पितळी पुंगळ्यांनी भरलेली बादली. पिस्तुलाची काडतुसं घरीच भरतात म्हणे! आता त्यांना 'नाइन एमएम'साठी डायचा सेट घ्यायचाय आणि विचारतात मला, कारण 'बाबा, डाय म्हणजे तुमचा विषय.' माझा विषय पत्र्याच्या डायचा. ही डाय करते काय? चांगली कशी ओळखायची? आणि मीच इथे लेथवर करून पाठवली तर?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी देतो. तोवर लेथ चालू करू नका.

काडतुसात चार वस्तू असतात : पुंगळी, तिच्या बुडातला प्रायमर, दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की तिघींचं काम संपतं, पुंगळी मात्र उरते, आणि काडतुसातला बराचसा पैसा तिच्यातच असतो. म्हणून अमेरिकेत लोक ती गोळा करतात आणि पुन्हा भरतात. स्वतःच्या वापरापुरतं भरायला तिथे केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. धंदा म्हणून भरून विकायचं तर लागतो.

(तुम्ही कोल्हापूरचे, म्हणून सांगतो. राही सरनोबत किंवा स्वप्नील कुसाळे ज्या .२२ च्या काडतुसांवर खेळतात, ती अशी पुन्हा भरता येत नाहीत. त्यांत प्रायमरचा मसाला बुडाच्या काठातच भरलेला असतो आणि घोडा तो काठच चेचतो. जावयाच्या पुंगळीत प्रायमर मधोमध वेगळा बसवलेला असतो, म्हणून जुना पाडून नवा घालता येतो.)

आता डाय. बार होताना पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि गॅस मागे येऊ देत नाही. दाब उतरला की ती थोडी आक्रसते, पण मूळ मापावर येत नाही. स्प्रिंगबॅक तुम्हाला मी काय शिकवणार! पहिली डाय तिला दाबून पुन्हा मापात आणते आणि त्याच फेरीत आतली पिन जुना प्रायमर पाडते. दुसरी पुंगळीचं तोंड किंचित फुलवते, कणभरच, गोळीचं बूड टेकेल इतकं. जास्त फुलवलं तर पितळ कडक होत जातं आणि काही फेऱ्यांतच तोंडाला चीर पडते. तिसरी डाय गोळी ठरल्या खोलीपर्यंत बसवते. चौथी असली तर ती फुलवलेलं तोंड मिटवते. याला तिकडे क्रिंप म्हणतात.

खरा खर्च पहिल्या डायवर करावा. नुसत्या पोलादाची असेल तर प्रत्येक पुंगळीला वंगण चोळावं लागतं. एखादी चुकली की ती आत अशी रुतते की प्रेसचा दांडा उपटला तरी निघत नाही. यावर तोडगा म्हणून पिस्तुलाच्या डायच्या तोंडाशी टंगस्टन कार्बाइडची कडी बसवतात. लेथच्या टूलला जी कार्बाइडची टीप असते, तीच जात : कठीण, गुळगुळीत, पितळाला न धरणारी. वंगण आणि ते पुसायची कटकट, दोन्ही गेलं. कार्बाइडचा दुर्गुणही तुम्हाला ठाऊक आहे, ते ठिसूळ असतं. पुंगळीला बुडाशी धरून खालून वर आणणारा शेल होल्डर कडीवर आदळत राहिला तर ती तडकते. डाय लावताना होल्डर कडीला जेमतेम टेकेल, चिरडणार नाही, असं ठेवायचं.

क्रिंप मात्र नीट समजून घ्या, कारण चुका तिथेच होतात. नाइन एमएमची पुंगळी म्हणजे १९.१५ मिलिमीटर लांब, वर किंचित निमुळती नळी. चेंबरमध्ये ती अडते ती तोंडाच्या काठावर. तो काठ करंजीसारखा मुरडून आत घातला तर अडायला काही उरतच नाही आणि काडतूस हवं त्याहून आत जातं. म्हणून पिस्तुलाला टेपर क्रिंप, म्हणजे फुलवलेलं तोंड फक्त सरळ करायचं. गोळी सैल राहिली तर मॅगझिनमधून वर येताना ठेचकाळून मागे सरकते, आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. रिव्हॉल्व्हरचं उलटं. .३८ स्पेशल किंवा .३५७ मॅग्नमची पुंगळी बुडाच्या कडेवर अडते, तोंड मोकळं असतं. तिथे गोळीच्या खाचेत काठ चक्क मुरडतात, नाहीतर धक्क्याने चक्रातल्या बाकीच्या गोळ्या पुढे सरकतात आणि चक्र अडकतं. या दोन्हींना एकच सेट चालतो, मॅग्नमची पुंगळी फक्त साडेतीन मिलिमीटरच्या आसपास जास्त लांब. तेव्हा दुकानात आधी ब्रँड विचारू नये. आधी आपली पुंगळी कशावर अडते ते बघावं आणि सेटमधली क्रिंप त्या जातीची आहे का ते विचारावं.

ब्रँडची चिंता कमी करायला एक सोय आहे. बहुतेक डायचा बाहेरचा आटा एकच, ७/८ इंच, इंचाला १४. म्हणून विस्कॉन्सिनच्या ली कंपनीची डाय कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या आरसीबीएसच्या प्रेसवर बिनदिक्कत बसते. अपवाद डिलनच्या स्क्वेअर डील प्रेसचा, त्याच्या डाय वेगळ्या. डिलन जावईबापूंच्याच राज्यातली, स्कॉट्सडेलची कंपनी, त्यामुळे मोह होणार. त्यांच्या डाय उत्तम असतात; गोळीला लावलेल्या मेणाने भरल्या तर माप न बिघडवता उघडून पुसता येतात. पण त्यांच्या तीनच्या सेटमध्ये तोंड फुलवायची डाय नसते. ते काम त्यांच्या मोठ्या मशीनवरचं दारूचं नरसाळं करतं. तुम्ही पाहिलेला प्रेस एका वेळी एक डाय घेणारा दिसतो, त्यावर हा सेट घेतला तर दुसऱ्या पायरीलाच काम अडेल. माझं मत : लीचा कार्बाइडचा चार डायचा सेट घ्यावा. स्वस्त असतो आणि शेल होल्डर खोक्यातच येतो, इतर कंपन्यांचा बहुधा वेगळा घ्यावा लागतो. फिनिशिंग पाहून तुम्ही नाक मुरडाल, पण माप बरोबर असतं.

दारू किती भरायची हे ना मला विचारा, ना जावयाच्या मित्राला. दारू आणि गोळी बनवणाऱ्या कंपन्यांची छापील पुस्तकं असतात, आकडा त्यातूनच घ्यायचा. पिस्तुलाच्या पुंगळीत दारू इतकी थोडी लागते की चुकून दोनदा पडली तरी मावते आणि सहज कळत नाही. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत बॅटरी मारून बघायला सांगा.

आता लेथ. ॲरिझोनात हा छंद आहे, आपल्याकडे परवान्याशिवाय गुन्हा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे काडतुसं बनवायला परवाना लागतो. हे काम आपल्याकडे मुख्यतः सरकारी दारूगोळा कारखाने करत आले आहेत. पुण्याजवळचा खडकीचा कारखाना १८६९ पासूनचा. त्याच कायद्याच्या व्याख्येत 'दारूगोळा' या शब्दात त्याचे सुटे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. म्हणजे तुम्ही हौसेने केलेली डाय आणि तिकडून आठवण म्हणून बॅगेत टाकलेली पुंगळी, दोन्ही अंगाशी येऊ शकतात. बॅग एकदा झटकून बघा. जावईबापूंना डाय तिकडच्याच दुकानातून घेऊ दे, आणि पुढच्या खेपेला गेलात की ती प्रेसवर नीट लावून द्या.